गुणवत्ता घडते ती भट्टीपाशी

सोलापूर म्हटले की महाराष्ट्राला चादर आठवते, सिद्धेश्वराची यात्रा आठवते, शेंगदाण्याची चटणी आठवते. लोखंडाचा तापलेला रस काही कोणाला आठवत नाही. वस्तुतः देशात आणि देशाबाहेर धावणाऱ्या कित्येक मोटारींच्या इंजिनांत फिरणारा एक महत्त्वाचा भाग याच शहरात ओतला जातो. त्याचे नाव कॅमशाफ्ट. १९९२ साली स्थापन झालेली प्रिसिजन कॅमशाफ्ट्स ही कंपनी अक्कलकोट रोड आणि चिंचोली येथील औद्योगिक वसाहतींत हा माल बनविते आणि जगातील नामांकित मोटार कारखान्यांना पुरविते. किर्लोस्कर समूहाचीही एक मोठी ओतशाळा सोलापूरला आहे. त्याखेरीज पंपांचे, ट्रॅक्टरांचे, यंत्रांचे भाग ओतणाऱ्या लहान ओतशाळा आहेत. ओतशाळा म्हणजे आपण व्यवहारात जिला फाउंड्री म्हणतो ती. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी आपले मोठे कारखाने काढले ते बहुतेक सोलापूरबाहेर; त्यांच्या गावी लोखंडाचा उद्योग असा उशिराने आणि गाजावाजा न करता वाढला.

या उद्योगाशी शिक्षकाचा, कारकुनाचा किंवा महाविद्यालयीन विद्यार्थ्याचा काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आहे, आणि तो केवळ रोजगाराचा नाही. चांगला माल कसा निर्माण होतो, या प्रश्नाचे जे उत्तर ओतशाळेत मिळते, ते आपल्या शाळा-कचेऱ्यांनाही लागू पडण्याजोगे आहे. शिवाय ते उत्तर आपल्या अंगवळणी पडलेल्या समजुतीच्या नेमके उलट आहे.

ती समजूत अशी की, आधी माल तयार करावा, मग तो तपासावा, चांगला तेवढा ठेवावा आणि वाईट फेकून द्यावा. आपली परीक्षापद्धती याच समजुतीवर उभी आहे. वर्षभर वर्गात काय चालले याची फारशी चौकशी नाही; मार्चमध्ये गाळणी लावली की झाले. चादरीच्या बाबतीत हे एक वेळ चालते. तिचे सूत, तिची वीण, तिचा रंग ग्राहकाच्या हाताला आणि डोळ्याला कळतो. ओतीव लोखंडाचे तसे नाही. त्याच्या पोटात वाऱ्याची पोकळी असेल, वाळूचा कण अडकला असेल, किंवा सगळे काही जागच्या जागी असूनही धातूचा स्वभावच ठिसूळ झाला असेल, तर वरून काहीही दिसत नाही. दिसते ते पुढच्या कारखान्यात लेथवर पहिला थर उतरविल्यावर. नाही तर त्याहून पुढे, रस्त्यावर.

एकाच रसाचे दोन धातू

कॅमशाफ्टचेच उदाहरण घेऊ. इंजिनात हवा आत घेणाऱ्या आणि धूर बाहेर टाकणाऱ्या झडपा असतात. त्या नेमक्या क्षणी उघडाव्यात आणि मिटाव्यात म्हणून एक लांब दांडा फिरत असतो आणि त्या दांड्यावर अंड्याच्या आकाराचे उंचवटे असतात. हा दांडा म्हणजे कॅमशाफ्ट. इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल तर कॅमशाफ्ट दीड हजार घेतो; म्हणजे प्रत्येक उंचवटा दर सेकंदाला पंचवीस वेळा झडपेच्या यंत्रणेवर दाब देतो. हे वर्षानुवर्षे चालावयाचे असते. तेव्हा उंचवट्याचा पृष्ठभाग अतिशय कठीण हवा. परंतु सगळा दांडाच तसा कठीण केला तर तो ठिसूळ होईल, मोडेल आणि यंत्रावर त्याला आकारही देता येणार नाही. उंचवटे कठीण आणि बाकीचा दांडा मऊ, हे एकाच तुकड्यात कसे साधावे?

ओतकाम करणाऱ्यांनी यावर काढलेली युक्ती फार जुनी आहे. अमेरिकेत जेम्स ऑलिव्हर यांनी एकोणिसाव्या शतकात तिच्याच आधारे नांगर ओतले आणि त्या नांगरांनी नाव कमावले. युक्ती अशी : लोखंडाच्या रसात तीन-साडेतीन टक्के कार्बन विरघळलेला असतो. रस सावकाश निवला तर हा कार्बन ग्रॅफाइटच्या पातळ पापुद्र्यांच्या रूपाने वेगळा होतो. असे लोखंड मोडून पाहिले तर राखाडी दिसते. ते मऊ असते, यंत्रावर कापले जाते, कंपने जिरविते. तोच रस झटकन थंड केला तर कार्बनला वेगळे होण्यास अवसरच मिळत नाही. तो लोखंडाशी संयोग पावून राहतो, आणि मोडल्यावर चांदीसारखे पांढरे दिसणारे, काचेसारखे कठीण लोखंड तयार होते. म्हणून साचा वाळूचा करावयाचा. परंतु जेथे उंचवटे यावयाचे तेथे आधीच लोखंडाचे तुकडे बसवून ठेवावयाचे. त्यांना कारखान्यात चिल म्हणतात. रस आत आला की चिलला लागलेला भाग क्षणात थंड होऊन पांढरा होतो आणि वाळूला लागलेला भाग निवांतपणे राखाडी होतो. भट्टी एक, रस एक, ओतणे एकदाच. आणि हाती येतात दोन धातू.

आता यात किती ठिकाणी पाऊल घसरू शकते ते पाहावे. रसातील सिलिकॉन थोडे वाढले की पांढरा थर पातळ होतो. थोडे घटले की पांढरेपणा नको तेथवर शिरतो आणि पुढे यंत्राचे हत्यार मोडते. चिलवर गंज चढला असेल किंवा ओल असेल तर तेथे वायू होऊन पृष्ठभागावर फुगे येतात. रस ओतण्यापूर्वी त्यात फेरोसिलिकॉनसारखी भुकटी चिमूटभर घालतात. दुधाला विरजण लावावे तसा हा प्रकार असतो; फरक इतकाच की विरजण वेळ जाईल तसे लागत जाते, तर या भुकटीचा गुण काही मिनिटांतच ओसरू लागतो. रसाचे तापमानही तोवर उतरत असते. म्हणजे डोहातून (ज्यात रस घेऊन जातात त्या भांड्यातून) पहिल्या साच्यात पडलेले लोखंड आणि शेवटच्या साच्यात पडलेले लोखंड सारखे राहीलच, याची शाश्वती नाही. मध्ये क्रेन अडली, कोणी कोणाशी चार शब्द बोलत थांबला, तर त्या दोन मिनिटांची नोंद कोठेही होत नाही. ती होते फक्त लोखंडाच्या पोटात.

याला उपाय नाहीत असे मुळीच नाही. पळीभर रस घेऊन पाचरीच्या आकाराच्या लहानशा साच्यात ओतावा, निवल्यावर हातोड्याने मोडावा आणि टोकाशी पांढरा पट्टा किती रुंद पडला ते मोजावे. या जुन्या चाचणीला काही मिनिटे पुरतात आणि हा रस साच्यात घालावा की नाही हे तेव्हाच ठरविता येते. आज भट्टीपाशी तापमापक आहेत, रस गोठताना त्याचा आलेख काढणारी उपकरणे आहेत, नाण्याएवढ्या तुकड्यावरून सर्व मूलद्रव्यांचे प्रमाण सांगणारे वर्णपटमापक आहेत. प्रश्न उपकरणांचा नाही. प्रश्न असा की, पट्टा रुंद निघाला असताना "हा रस ओतू नका" असे कोणी म्हणावयाचे, आणि त्याचे ऐकावयाचे कोणी? त्याकडे पुढे येऊ.

वाळू, पाणी आणि सोलापूरचा उन्हाळा

कॅमशाफ्ट हा तसा उच्चभ्रू माल. पंपाचे खोके, ब्रेकचे ड्रम, ट्रॅक्टरचे भाग ओतणाऱ्या सर्वसाधारण ओतशाळेत भट्टीइतकेच, किंबहुना भट्टीपेक्षा अधिक, महत्त्व वाळूला आहे. साच्याची वाळू म्हणजे नुसती वाळू नव्हे. तिच्यात बेंटोनाइट नावाची चिकट माती, कोळशाची भुकटी आणि पाणी मिसळलेले असते. पाण्याचे प्रमाण वजनाने सामान्यतः तीन ते चार टक्के. शंभर किलो वाळूत साडेतीन किलो पाणी ठीक असेल तर पाच किलो घातक ठरते. कारण साच्यात येणारा रस १३५० ते १४५० अंश सेल्सियस इतका तापलेला असतो. त्याच्या स्पर्शाने पाण्याची वाफ होते आणि ती मूळ पाण्याच्या सोळाशे पटींहून अधिक जागा मागते. वाळूच्या कणांमधून तिला वाट मिळाली नाही तर ती लोखंडात शिरते. पाणी कमी पडले तर वाळू झडते, तिचे कण रसाबरोबर वाहतात आणि लोखंडात रुतून बसतात.

येथे आपला उन्हाळा आड येतो. एप्रिल-मे महिन्यांत सोलापूरचा पारा त्रेचाळीस अंशांच्या आसपास किंवा वर जाणे ही काही बातमी नव्हे. ओतशाळेतील वाळू पुनःपुन्हा वापरली जाते. साचा फोडला की तीच वाळू चाळून, भिजवून पुढच्या साच्यासाठी घेतात. ती नीट निवलेली नसेल आणि वर छपराचे पत्रे तापलेले असतील, तर चक्कीतून निघालेल्या वाळूतील पाणी साच्यापर्यंत पोचण्याआधीच उडून जाते. दुपारपाळीचा कामगार वाळू हातात दाबून पाहतो, ती सुटते, म्हणून पाण्याचा नळ थोडा अधिक सोडतो. त्याचे चुकले असे म्हणवत नाही. रात्री हवा उतरते, वाळू निवते, परंतु नळ तसाच राहतो. मग दुपारपाळीच्या मालात वाळू आणि रात्रपाळीच्या मालात फुगे. दोन दिवसांनी सफाईच्या खात्यात हा माल उघडा पडतो आणि बोलणी बसतात ती रात्रपाळीला.

पावसाळ्याची तऱ्हा निराळी. पोकळ भागासाठी साच्यात जे गाभे बसवितात ते हवेतील ओल शोषून घेतात. वैशाखात जी पद्धत निर्दोष ठरली तीच आषाढात माल बिघडविते. पद्धत वर्षभर एकच ठेवणे म्हणजे शिस्त, असे समजणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. पद्धत बदलावी लागते; मात्र ती अंदाजाने नव्हे, मोजून. वाळूची ओल मोजता येते, तिचे बळ मोजता येते, तिच्यातून वायू किती सहज जातो तेही मोजता येते. साध्या नळकांड्यात वाळू भरून ठरावीक वजनाचे तीन ठोके द्यावेत आणि ती किती खचते ते पाहावे, ही तर दोन मिनिटांची परीक्षा आहे. दर अर्ध्या तासाने ती घेतली तर उरलेली अर्धी भांडणे मिटतील.

बिघडलेला माल वितळवून पुन्हा वापरता येतो, म्हणून नुकसान ते काय, असा एक युक्तिवाद या धंद्यात कानी येतो. हिशेब करून पाहू. समजा, एक ओतशाळा महिन्याला पाचशे टन माल ओतते आणि त्यातील आठ टक्के, म्हणजे चाळीस टन, बाद होतो. ओतताना रसाच्या वाटांत आणि पुरवठ्याच्या खांबांत, ज्यांना रनर-रायझर म्हणतात त्यांत, बरेच लोखंड जाते. तेव्हा चाळीस टन मालासाठी साठ टन तरी रस करावा लागतो. विजेच्या भट्टीत एक टन लोखंड वितळविण्यास सहाशे युनिट वीज धरली तर छत्तीस हजार युनिट झाले. महिन्याला शंभर युनिट वापरणाऱ्या तीनशे साठ घरांची ही वीज. त्यात वाळू, माती, भुकटी आणि माणसांचे श्रम अजून धरलेलेच नाहीत. भट्टीपाशी उभ्या असलेल्या माणसाने त्या दिवशी जो घाम गाळला तो कोणत्या भंगारातून परत मिळावयाचा?

एका पानाचे टिपण

या विषयाचे शास्त्र काही नवे नाही. १६ मे १९२४ रोजी अमेरिकेतील वेस्टर्न इलेक्ट्रिक या कंपनीत वॉल्टर शेवहार्ट या पदार्थवैज्ञानिकाने आपल्या वरिष्ठाला एक पानाचे टिपण दिले. त्यात एक आलेख होता. आज कारखान्यांत जो नियंत्रण-तक्ता म्हणून ओळखला जातो त्याचा हा जन्म. त्यामागील विचार कोणत्याही शिक्षकाला सहज पटेल. एखादा विद्यार्थी लागोपाठच्या चाचण्यांत ६२, ५८, ६५, ६० असे गुण मिळवितो. अठ्ठावन्न पडले म्हणून त्याला रागावणे आणि पासष्ट पडले म्हणून पाठ थोपटणे, दोन्ही व्यर्थ. तो त्याचा नेहमीचा चढउतार आहे. परंतु एके दिवशी त्याला तीस गुण पडले तर शहाणा शिक्षक छडी घेत नाही, घरी काय झाले ते विचारतो. आणि सात-आठ चाचण्या सलग थोडे थोडे गुण उतरत गेले, तर तीस पडण्याची वाट न पाहताच विचारतो. यंत्राच्या, वाळूच्या, रसाच्या बाबतीत हा फरक ओळखण्यासाठी शेवहार्ट यांनी वरची आणि खालची रेषा आखून दिली. रेषांच्या आत असताना उगाच हात लावू नये. बाहेर गेले की थांबून कारण शोधावे. आपल्याकडे होते ते नेमके उलट. आकडा किंचित हलला की नळ फिरविला जातो, आणि खरोखर बिघडले की "आज चालवून घ्या" असे म्हटले जाते.

हे शेवहार्ट १९४७-४८ च्या सुमारास भारतात आले होते. प्रा. महालनोबीस यांनी कलकत्त्याच्या भारतीय संख्याशास्त्र संस्थेच्या वतीने त्यांना बोलाविले होते आणि येथील उद्योगांना ही दृष्टी देण्याचा प्रयत्न झाला होता. त्यांच्याच विचारांचे डेमिंग यांनी जपानमध्ये आपली प्रसिद्ध व्याख्याने दिली ती १९५० साली. जपानने पुढे काय केले ते जगाने पाहिले. डेमिंग यांच्या नावाने तेथे दिले जाणारे पारितोषिक मिळविणारी पहिली भारतीय कंपनी, चेन्नईची सुंदरम-क्लेटन, निघाली ती १९९८ साली. ओतकामापुरते बोलावयाचे तर २००३ साली ब्रेक्स इंडिया या कंपनीच्या ओतकाम विभागाला ते मिळाले. म्हणजे ज्ञान आपल्या दारात आधी आले आणि घरात शिरायला पन्नास वर्षे लागली. आपली बुद्धी कमी पडली असे यावरून म्हणता येणार नाही. कमी पडली ती दुसरीच गोष्ट.

वही कोण भरतो?

कचेरीत काम केलेल्या कोणालाही ती गोष्ट ओळखीची वाटेल. नोंदवही असते, रकाने असतात, दर अर्ध्या तासाचा आकडा लिहावयाचा असतो. आणि पाळी संपताना सगळे रकाने एकाच शाईने, एकाच बैठकीत, एकसारख्या सुंदर आकड्यांनी भरले जातात. वाळूची ओल : ३.४, ३.५, ३.४, ३.५. खऱ्या वाळूची ओल इतकी सज्जन कधीच नसते. तरीही अशी वही पाहून बाहेरचा तपासनीस समाधानाने मान डोलावतो, कारण त्यालाही वहीच हवी असते. मानक-संस्थेचे प्रमाणपत्र चौकटीत बसवून प्रवेशद्वाराशी टांगले जाते. प्रमाणपत्रे निरुपयोगी आहेत असे मी म्हणत नाही. परदेशी गिऱ्हाईक त्यांच्यावाचून दाराशी उभे करीत नाही आणि त्यांच्या निमित्ताने कित्येक ओतशाळांत प्रथमच मोजमाप सुरू झाले. परंतु खोट्या आकड्यांची वही ही वही नसण्यापेक्षा वाईट. वही नसेल तर निदान आपल्याला काही ठाऊक नाही एवढे तरी ठाऊक असते.

आकडा खोटा का लिहिला जातो, याचा शोध घेतला तर आळसापेक्षा भीती अधिक आढळेल. साचे भरणारा, रस ओतणारा, माल घासून साफ करणारा कामगार आज पुष्कळ ठिकाणी कंत्राटी असतो आणि बहुधा दूरच्या राज्यातून आलेला असतो. त्याची मजुरी अनेकदा नगावर ठरते. जितके साचे भरील तितके पैसे. साचा जरा कमी ठोकला तर रसाच्या दाबाने तो फुगतो आणि माल वाकडा निघतो, हे त्याला अभियंत्यापेक्षा अधिक चांगले कळते. परंतु दोन ठोके जास्त मारण्याची मजुरी त्याला कोणी देत नाही. त्याने "वाळू बरोबर नाही" म्हणून काम थांबविले तर खाडा त्याचा. फोरमनने रस परत भट्टीत घालावयास सांगितले तर जाब त्याला द्यावा लागतो, कारण महिनाअखेर टनांचा हिशेब वर जातो. अशा ठिकाणी खरा आकडा लिहिणे हे धाडस ठरते, आणि रोजंदारीवरील माणसाकडून रोजच्या रोज धाडसाची अपेक्षा करणारे व्यवस्थापन स्वतः मात्र काहीच पणाला लावीत नाही.

म्हणून उत्पादनाच्या प्रक्रियेवर नियंत्रण याचा अर्थ आधी यंत्रांवर नियंत्रण असा घेण्यात चूक आहे. पहिली गोष्ट म्हणजे ज्याच्या हाताखालून काम जाते त्याला ते थांबविण्याचा अधिकार असणे. दुसरी, चांगल्या नगावर मजुरी, नुसत्या नगावर नव्हे. आणि माल बाद झाला त्याचे कारण वरच्या खात्यातील असेल तर त्याची झळ साचेवाल्याला लागू न देणे. तिसरी गोष्ट वरवर विषयांतर वाटेल : धूळ. ज्या ओतशाळेत वाळूची बारीक धूळ हवेत तरंगते तेथे ती कामगाराच्या फुप्फुसातही जाते आणि सिलिकोसिस नावाचा बरा न होणारा रोग देते. तीच बारीक धूळ वाळूत साठत गेली की साच्यातून वायूला वाट मिळत नाही आणि माल फुगतो. धूळ खेचून घेणारी यंत्रणा बसविली तर माणूस आणि माल दोन्ही वाचतात. तरी कित्येक ठिकाणी हा खर्च कल्याणनिधीच्या रकान्यात मोजला जातो आणि म्हणूनच पुढे ढकलला जातो.

मालकांचीही एक बाजू आहे आणि ती ऐकली पाहिजे. लहान ओतशाळेच्या मालकाला पिगचा आणि भंगाराचा दर आठवड्याला बदललेला सोसावा लागतो. विजेचा दर त्याच्या हाती नसतो. मोठा गिऱ्हाईक किंमत दरवर्षी खाली आणण्याचा आग्रह धरतो आणि पैसे मात्र दोन-तीन महिन्यांनी देतो. अशा माणसाने वर्णपटमापक कोठून घ्यावा? रास्त आहे. परंतु पाचरीच्या चाचणीला, वाळूच्या नळकांड्याला आणि खऱ्या वहीला फारसे भांडवल लागत नाही. ज्याला खरोखर भांडवल लागते ते एकत्र येऊन उभारता येते. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल या भागांत शेकडो ओतशाळा असलेल्या कोल्हापूरने वापरलेली वाळू पुन्हा उपयोगात आणण्याची सामायिक सोय करून हा मार्ग दाखविला आहे. १९५० साली स्थापन झालेल्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ फाउंड्रीमेन या संस्थेची शाखाही तेथे आहे. सोलापुरात ओतशाळांची संख्या कोल्हापूरच्या मानाने थोडी. म्हणूनच येथे एकमेकांचा आधार अधिक लागणार.

कॅमशाफ्ट नसलेली मोटार

आता एक अशी गोष्ट जिच्याकडे डोळेझाक करून चालणार नाही. विजेवर चालणाऱ्या मोटारीत झडपा नसतात, म्हणून कॅमशाफ्टही नसतो. या मोटारी उद्याच सगळा रस्ता व्यापतील असे नाही. पेट्रोल-डिझेलची आणि संमिश्र पद्धतीची इंजिने अजून दीर्घकाळ बनत राहतील. तरी वाऱ्याची दिशा स्पष्ट आहे. ज्या शहराने एका वस्तूवर नाव मिळविले त्याला ही धोक्याची घंटा परिचित असावी. १८७७ साली येथे पहिली कापडगिरणी, म्हणजे आपली जुनी गिरणी, उभी राहिली. एके काळी गिरणीच्या भोंग्यावर शहराची घड्याळे लागत. त्या गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, त्यांच्या चिमण्या पडल्या, आणि त्यांत राबलेल्या हजारो कुटुंबांची जी वाताहत झाली तिच्या आठवणी अजून घरोघरी आहेत. गिरण्या गेल्या, परंतु विणण्याचे ज्ञान माणसांच्या हातांत होते, ते यंत्रमागांवर टिकले, आणि सोलापुरी चादरीला व टॉवेलला पुढे भौगोलिक निर्देशनाची मान्यताही मिळाली.

ओतकामाचे असेच होऊ शकते. वस्तू बदलेल. विजेच्या मोटारीलाही ब्रेकचे भाग लागतात, मोटरची खोकी लागतात. पंप, ट्रॅक्टर, रेल्वे, पवनचक्क्या यांना ओतीव भाग लागतातच, आणि ओतीव मालाच्या उत्पादनात चीनखालोखाल क्रम भारताचा आहे. परंतु उंचवट्यावर पांढरे लोखंड आणि दांड्यात राखाडी लोखंड एकाच रसातून काढणारी माणसे उद्या दुसरे काही अवघड ओतू शकतील ती केवळ मोजण्याच्या, लिहिण्याच्या आणि वेळीच थांबण्याच्या सवयीच्या बळावर. ॲल्युमिनियमकडे वळावे लागले तर तापमान बदलेल, साचे बदलतील, दोषांची नावे बदलतील. सवय तीच राहील. ती नसेल तर नवी भट्टी आणूनही जुनेच फुगे निघतील.

ही सवय लावण्याचे काम कारखान्याच्या दारात पोचण्यापूर्वी सुरू होऊ शकते. सोलापुरात शासकीय तंत्रनिकेतन आहे, १९८३ पासून वालचंद तंत्रशास्त्र संस्था आहे, औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहे. यंत्र-अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमात ओतकाम हा विषय असतो. वाळूची ओल, बळ आणि वायुवहन मोजण्याची साधनेही अशा प्रयोगशाळांत सामान्यतः असतात. विद्यार्थी मात्र तो विषय दोन प्रश्नांपुरता वाचतात आणि पुण्याची वाट धरतात. ओतशाळेत नोकरी म्हणजे काळे कपडे आणि तापलेला पत्रा, ही घरच्यांची समजूत. ती निराधार नाही, आणि म्हणूनच धुळीचा प्रश्न वर मांडला.

लहान ओतशाळांनी आणि या संस्थांनी मिळून एक साधा प्रयोग करून पाहावा. शेवटच्या वर्षाच्या दोन-दोन विद्यार्थ्यांनी एकेका ओतशाळेत मार्चच्या प्रारंभापासून ऑगस्टअखेर रोज एक पाळी उभे राहावे. त्यांनी कोणालाही सल्ला देऊ नये. दर अर्ध्या तासाने वाळूचे तापमान आणि ओल, प्रत्येक डोहातील रस किती अंशांवर निघाला आणि किती अंशांवर संपला, मध्ये किती मिनिटे गेली, एवढेच लिहावे. आणि दोन दिवसांनी सफाईच्या खात्यात जाऊन त्या साच्यांतून काय निघाले ते त्याच ओळीत नोंदवावे. ते ना मालकाचे नोकर, ना कंत्राटदाराचे. त्यांना आकडा सुंदर दाखविण्याचे काही कारण नाही. सोलापूरच्या कडक उन्हाळ्याचे आणि पावसाळ्याचे मिळून सहा महिने, भट्टीपाशी लिहिलेले. असा एक खरा तक्ता मालक, फोरमन आणि साचेवाला या तिघांनी एका टेबलाशी बसून वाचावा, आणि नळ कोणी, केव्हा फिरवावयाचा ते त्यानंतर ठरवावे.